मदत हवी आहे: फ्रेंच आणि रशियन क्रांतीची तुलना, परिणाम कुठल्या सालापर्यंत धरायचे?

नमस्कार मंडळी, भाचीला नववीला इतिहासात या दोन्ही क्रांत्या आहेत, तिला तुलना करून निबंध लिहायचाय आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. कारणांपर्यंत गाडी नीट चालली. दोन्हीकडे युद्धाने तिजोरी खंगलेली, फ्रान्सने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतला आणि सरदार-धर्मगुरूंना मात्र बऱ्याच करांतून सूट, रशिया तर १९१४ पासून थेट महायुद्धात. आणि दोन्हीकडे पाव. १७८८ च्या जुलैत फ्रान्समध्ये गारपिटीने उभं पीक आडवं झालं, पाव महागला, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातल्या बायका पायी व्हर्सायला गेल्या आणि राजालाच पॅरिसला घेऊन आल्या. रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडमध्येही ८ मार्च १९१७ ला आधी रस्त्यावर आल्या त्या कापड गिरण्यांतल्या बायका, तिथे तर धान्य देशात होतं पण रेल्वे युद्धाच्या कामाला जुंपलेली म्हणून शहरात पोचत नव्हतं.

मग भाचीने विचारलं, मामा, शेवटी पाव कुणाला मिळाला? इथे मी अडकलो.

फ्रान्स १७९४ ला थांबवला तर गिलोटिन दिसतं, १८०४ ला राजाच्या जागी सम्राट, १८१४-१५ ला जुनं बोर्बन राजघराणं परत गादीवर. म्हणजे सगळं वाया गेलं का? मला नाही तसं वाटत, कारण चर्चच्या जप्त करून विकलेल्या जमिनी परत आलेल्या राजालाही काढून घेता आल्या नाहीत, १८१४ च्या सनदेत तसं लिहून द्यावं लागलं (त्या घेणारे बरेचसे शहरी पैसेवाले आणि सधन शेतकरी होते हे खरं, पण सरंजामी वसुली गेली ती सगळ्यांचीच गेली). रशियात उलटं. जमीनदारांची जमीन १९१७ मध्येच शेतकऱ्यांकडे आली, मग यादवी युद्धात सरकारने धान्य जबरदस्तीने उचललं, आणि १९२९ नंतर सामुदायिक शेतीच्या नावाखाली ती जमीनही गेली, १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तानात लाखो माणसं मेली. १९१८ ला थांबलं तर रशियाचा शेतकरी जिंकला, १९३३ ला पार उद्ध्वस्त. तर सालाची रेघ ओढायची कुठे? कुणी शिकवलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, साल धरूच नका, माणूस धरा. एक फ्रेंच शेतकरी आणि एक रशियन शेतकरी घ्या, क्रांतीच्या आधी, पाच वर्षांनी आणि पंधरा वर्षांनी त्याच्या घरात धान्य किती उरतं आणि कोण घेऊन जातं एवढंच लिहायला सांगा. मी वर्गात असंच घेतो, मुलं बरोब्बर पकडतात.

धागाकर्ता:
सर खूप आभार, हे जमेल. भाचीला दाखवलं तर ती म्हणते शेतकरी कशाला, मोर्चात गेलेल्या बायकाच धरू. रशियात बायकांना मत १९१७ मध्येच मिळालं, फ्रान्समध्ये १९४४ मध्ये. पण मग पंधरा वर्षांचा हिशोब फ्रान्सला लागू होत नाही, तिथे काय करू?