पुण्यात घराजवळचे महोत्सव आणि घरच्यांबरोबरची भटकंती : तुमचे अनुभव

लांबची सहल म्हटली की सुट्ट्या, गाड्या, खोल्या सगळं जुळवावं लागतं. गावातला कार्यक्रम चहा पिता पिता ठरतो, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना नेता येतं. पुण्यात तुम्ही घरच्यांना घेऊन कुठे रमलात? नुसती ठिकाणांची नावं नकोत, तिथे काय घडलं ते लिहा.

सहकारनगर

आमच्याकडे डिसेंबर म्हणजे सवाई. पंडित भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव पूर्वी रमणबागेत व्हायचा. सासूबाई तिथे शाल पांघरून पहाटेपर्यंत ऐकत बसायच्या. आता तो मुकुंदनगरला असतो, आम्हाला अगदी जवळ. गुडघ्यांमुळे आईंना खुर्ची लागते, मला भारतीय बैठकच हवी. म्हणून खुर्च्यांच्या कडेची जागा त्यांना, आणि आम्ही तिथून दिसतील अशा बेताने पुढे.

मुलगा तबला शिकतो. एका विलंबित ख्यालाला तो मांडीवर बोटांनी मात्रा धरून बसला होता. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली तशी त्याने मागे वळून आजीकडे पाहिलं. त्यांचा हात आधीच वर गेला होता! दोघांची दाद एकाच क्षणी गेली, आणि घरी येईपर्यंत दोघं त्याच ख्यालावर बोलत होते. आजी-नातवात एरवी बोलणं होतं ते जेवलास का, अभ्यास झाला का एवढंच.

घर जवळ असल्याचा फायदा असा की आई दमल्या तर मधूनच एकाने त्यांना घरी सोडून परत येता येतं. सगळं ऐकलंच पाहिजे हा हट्ट नको. वडापावाला मात्र बाहेर पडायचंच, तेही दोन गाण्यांच्या मध्ये. गाणं चालू असताना उठू नये हे मुलांना तिथेच शिकवता येतं.

सदाशिव पेठ

लेक अकरावीत गेली तेव्हा तिला पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीला भरत नाट्य मंदिरात नेलं. 'महाराष्ट्रीय कलोपासक' या संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. एकांकिका सुरू होण्याआधी सभागृहात 'आवाज कुणाचा' दणाणतं, तिथेच ती हरखली. पडदा वर गेल्यावर तेच सगळे चिडीचूप. आता ती कॉलेजच्या संघात प्रकाशयोजना बघते. ज्यांच्या घरी कॉलेजला जाणारं मूल आहे त्यांनी हा अनुभव चुकवू नये.

धायरी

आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो होतो. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या आणि संग्रहाला आपल्या दिवंगत मुलाचं, राजाचं, नाव दिलं. हे मुलांना आधी सांगितलं तर ती वेगळ्या नजरेने बघतात. सात वर्षांची भाची दिव्यांच्या आणि अडकित्त्यांच्या दालनात अडकून पडली. माझे वडील तिला एकेका वस्तूचा वापर सांगत होते, वज्री पाय घासायला, हा अडकित्ता सुपारी कातरायला. आजूबाजूची दोन-तीन अनोळखी मुलंही येऊन ऐकत उभी राहिली. सगळी दालनं झाली नाहीत, मस्तानी महाल तेवढा पाहिला. उरलेली पुढच्या वेळी.

वानवडी

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. गर्दी टाळायची तर सकाळी उघडताच जा. आमची आई गुलाबांपेक्षा बोन्सायपाशी जास्त रेंगाळते. फुलं बघून झाली की जुन्या झाडांखाली सतरंजी, पोळीभाजीचा डबा, आणि मुलं मोकळी.

कर्वेनगर

गणपतीत पेठांत चालत फिरण्यासारखं दुसरं काही नाही. बाबांची ऐंशी उलटली आहे, म्हणून आम्ही पहिल्या दोन-तीन दिवसांतच, दुपारी चारला, कसब्यापासून सुरुवात करतो. मग तांबडी जोगेश्वरी. बाबांचं बालपण शनिवार पेठेत गेलं, त्यामुळे प्रत्येक वळणावर कुठल्या वाड्यात कोण राहायचं ते येतंच. तिथे आता इमारती आहेत. मुलं ते वाडे नकाशावर खुणा करून ठेवतायत, त्यांनी स्वतःच काढलेलं काम आहे. पाचही मानाचे गणपती एका दिवसात करायच्या मागे आम्ही लागत नाही. केसरीवाडा उरला तर दुसऱ्या दिवशी रिक्षाने.

कुणी ज्येष्ठांना व्हीलचेअरवरून देखावे दाखवले असतील तर रस्ता आणि वेळ कोणती निवडली ते लिहाल का? आम्हाला यंदा मामींनाही न्यायचं आहे.