पॅकहाऊसच्या टीमचे ओकेआर कसे लिहू? कागद दोनदा परत आला

सावदा_पॅकिंग
राम राम मंडळी. सावद्याकडे केळीच्या पॅकहाऊसला सुपरवायझर आहे, 22 माणसं हाताखाली, फणी कापणारे, टाकीत फण्या धुणारे, पॅकिंगच्या बाया. मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून आला नि प्रत्येक टीमचे ओकेआर पाहिजे म्हणतो, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह (काय गाठायचं) आणि की रिझल्ट (गाठलं ते कशावरून मोजायचं). मी लिहिलं, ऑब्जेक्टिव्ह: क्वालिटी सुधारणे. की रिझल्ट: रोज मिटिंग, महिन्यात 2 ट्रेनिंग, टाकीचं पाणी वेळेवर बदलणे. म्हणे ही तर कामं झाली, रिझल्ट कुठंय. फरक काय ते कोणी सांगेल का, सोमवारी द्यायचंय.

खान्देशी_भो
पोरगं बरोबर बोलतंय भो. ट्रेनिंग दोन्ही झाल्या आणि फण्यांवर चिकाचे डाग तसेच, तर तुझा कागद 100 टक्के आणि माल रिजेक्ट. पाणी बदलणं हे काम, त्याने डागाचे बॉक्स किती घटले हा रिझल्ट. असं लिही: तीन महिन्यात डागामुळे काढलेले बॉक्स 100 मागे 9 वरून 4 वर. पण तो 9 तुझ्याकडे आहे का? नसेल तर आधी दोन आठवडे नुसतं मोज, टेबलाशेजारी पुठ्ठा टांग, बॉक्स बाजूला निघाला की एक रेघ आणि कारण, चीक की घासलेलं की वजन कमी. अंदाजे आकडा टाकू नको, तोच पुढे गळ्यात येतो. आणि दिवसाचे बॉक्स एवढंच टारगेट ठेवलं तर चीक निथळायच्या आधीच फण्या भरल्या जातील, म्हणून वेगाच्या आकड्याला क्वालिटीचा आकडा बांधून दे.

धुळ्याचा_आयटीवाला
हे ओकेआर मूळ इंटेल या चिप कंपनीतलं, तिथल्या अँडी ग्रोव्हचं, 1999 ला जॉन डोअर या गुंतवणूकदाराने गूगलमध्ये नेलं. तिथे 0 ते 1 मार्क देतात, मोठ्या उडीच्या टारगेटला 0.7 आले तरी चांगलं धरतात, दरवेळी 1 येत असेल तर टारगेटच बारकं. अर्थात 13 किलोचा बॉक्स 13 चाच भरायचा, तिथे 0.7 नाही चालत. फक्त पगाराला जोडू देऊ नका. माझ्या आधीच्या कंपनीत दिवाळी बोनसला जोडलं तर दुसऱ्याच तिमाहीत सगळ्यांनी झोपेत गाठता येतील असे आकडे लिहिले (मी पण, खोटं कशाला बोलू).

रावेरकर_आण्णा
मार्क-बिर्क ठीक, पण घासलेला माल शेतातूनच येतो त्याचं काय? कटाईची गँग घड ट्रॉलीत आपटते आणि डाग याच्या टेबलावर मोजणार. जे हातात नाही ते तुझ्या नावावर घेऊ नको बाबा, नाहीतर मुकादमालाही त्या कागदावर घे.

सावदा_पॅकिंग
आण्णा, तेच तर दुखणं आहे. आज पुठ्ठा टांगला, दुपारपर्यंत 31 रेघा, त्यातल्या 19 घासलेल्या. आता हे आधी मुकादमाला दाखवू की मालकाच्या पोराला?

खान्देशी_भो
मुकादमाला, चहा पाजून. आणि उद्या ट्रॉली उतरतानाच मोज, नाहीतर म्हणेल तुमच्याच टाकीत घासलं.