रोमचं जेझू चर्च: आईला झेवियरचा हात बघायचाय, कधी जावं?

फोंड्याची_लेक:
पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन रोमला जातेय. व्हॅटिकनचं बुकिंग झालंय, पण आईचं एकच चाललंय, गोंयच्या सायबाचा, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचा, हात रोमात जेझू चर्चमध्ये आहे तो बघायचाच. त्यांच्या २०१४ च्या शवप्रदर्शनाला ती जुन्या गोव्यात रांगेत उभी होती, तेव्हापासून डोक्यात आहे तिच्या. बाबांचे गुडघे दुखतात, तिकीट, रांग, चढ असं काही आहे का? सकाळी जावं की संध्याकाळी?

मिलानकर:
नक्की जा! तिकीट नाही, आणि पियात्सा व्हेनेत्सिया चौकापासून चालत पाचेक मिनिटं. आत गेलं की उजव्या हाताला झेवियरचं अल्टर (वेदी), तिथेच तो हात सोनेरी पेटीत ठेवलाय. १६१४ साली गोव्यात शरीरापासून वेगळा करून रोमला पाठवला, ह्याच उजव्या हाताने त्यांनी हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला म्हणून. मी गोव्यातलं बॉम जेझू, त्यांचं शव असलेलं चर्च, आधी पाहिलं होतं, त्यामुळे इथे उभं राहिल्यावर एकदम भरून आलं, आपल्याकडचं माणूस परक्या गावात भेटावं तसं. दुपारी चर्च बंद असतं, तेवढं सांभाळा.

सोलापूरची_अनु:
संध्याकाळीच जा, साडेपाचच्या आत बाकावर जागा धरा. समोरच डावीकडे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचं अल्टर आहे, चित्रकार आंद्रेआ पोत्सोने केलेलं, निळ्या लॅपिस लाझुली दगडाचे खांब. रोज साडेपाचला संगीत सुरू होतं आणि मधलं मोठं चित्र हळूहळू खाली सरकतं, मागे इग्नेशियसचा पुतळा उजळून निघतो. मूळ पुतळा चांदीचा होता, नेपोलियनला खंडणी द्यायची म्हणून पोपने वितळवला, आताचा नंतर केलेला आहे. बाबांना बसूनच सगळं दिसेल. आणि छत विसरू नका, गाउली नावाच्या चित्रकाराने १६७० च्या दशकात रंगवलंय, माणसं चौकटीबाहेर ओसंडून खाली येतायत असं वाटतं, कुठे रंग संपतो आणि कुठे गिलाव्याचे पुतळे सुरू होतात ते कळतच नाही. मान दुखू नये म्हणून मध्ये आरसा ठेवलाय, त्यात बघा.

मिलानकर:
वेळ असला तर जवळच सांत इग्नात्सियो चर्च आहे, तिथला घुमट खोटा आहे, पोत्सोनेच १६८५ मध्ये सपाट कापडावर रंगवलेला. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला.

फोंड्याची_लेक:
आईला वाचून दाखवलं, तिने आत्ताच शाल काढून ठेवलीये. साडेपाचलाच जाऊ. देव बरे करू तुम्हां दोघांक!