नागीण : सासूबाईंना रात्रभर झोप नाही, काय करू?

रानजाई
सासूबाईंना नागीण झालीय, डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत. पदर लागला तरी कळवळतात. गोळ्या झाल्या, फरक शून्य. रात्रीची आग कशाने थांबेल? लवकर सांगा प्लीज.

चकली_फॅन
वय? किती दिवस झाले? कुठल्या गोळ्या?

जुना_खांब
गेरू लावा. आमच्या गावात एक आजोबा नागीण उतरवायचे. तोंड-शेपूट जुळलं की खेळ खल्लास, आधीच सांगतो.

चकली_फॅन
खांबकाका, झालं का सुरू! कांजिण्यांचाच विषाणू नसेत दबा धरून बसतो नि त्याच नसेच्या पट्ट्यात उठतो, म्हणून एका बाजूलाच. कुठलं तोंड नि कुठली शेपूट? फोडांवर माती थापून पिकवायचेत का?

जुना_खांब
आम्ही अनुभव सांगतो. तुम्ही वाचा पुस्तकं.

रानजाई
भांडू नका हो. वय ७१, शुगर आहे. पुरळ गेल्या मंगळवारी उठलं. अ‍ॅसायक्लोव्हिर ८००, दिवसाला पाच, सात दिवस. काल संपल्या.

दुपारची_झोप
मग बरोबर. ती विषाणूवरची गोळी, दुखण्यावरची नव्हे. बाबांना डॉक्टरांनी रात्री प्रीगॅबालिन ७५ दिली होती. पहिले चार दिवस नुसत्या झोकांड्या, बाथरूमला एकटं सोडलं नाही. आग उतरायला आठवडा गेला. डॉक्टरांना थेट म्हणा, नसेच्या दुखण्यावरचं काहीतरी द्या. किडनीचा रिपोर्ट न्या, डोस त्यावर ठरतो. तोवर जुनं मऊ सुती पातळ नि गार पाण्याची घडी. बर्फ थेट नको.

कोकणकडा
नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

चकली_फॅन
अहो, त्यांची पाठीवर आहे!

पेन्शनर६२
नागीण होऊ नये म्हणून शिंग्रिक्स लस २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर, दोन डोस. मी घेतली, हात दोन दिवस दुखला. महाग आहे पण.

दुपारची_झोप
आत्ता त्याचा काय उपयोग?

पेन्शनर६२
सासरे असतील ना घरात.

रानजाई
उद्याच डॉक्टरांकडे नेते. एक राहिलं, नणंद उद्या राहायला येतेय. सहावा महिना आहे तिला. चालेल ना?

चकली_फॅन
हे आत्ता सांगताय? तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? आणि सगळ्या फोडांनी खपली धरलीय की एखादा अजून ओला आहे?