पाचवी ते सातवीसाठी पुस्तकं: गोष्टींची किती, माहितीची किती?

डोंगरशाळा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. तिन्ही वर्गांची मिळून साठेक मुलं. गावातला एक माजी विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला आहे, त्याने पुस्तकांसाठी दहा हजार रुपये दिलेत. शाळा सुरू व्हायच्या आत खरेदी उरकायची आहे.

कपाट रिकामं नाही. थोरामोठ्यांची चरित्रं, बोधकथा आणि हजार प्रश्नोत्तरांची जाडजूड पुस्तकं आहेत, पण मुलं त्यांना हात लावत नाहीत. सहावीतली एक मुलगी मात्र कुठूनसा मिळालेला फाटका फास्टर फेणे दप्तरात घेऊन फिरते. शेवटची पानं गायब आहेत, म्हणून शेवट तिनेच रचलाय आणि मैत्रिणींना तोच खरा म्हणून सांगते.

हेडसर म्हणतात, सगळे पैसे माहितीच्या पुस्तकांवर घाला, नवोदय विद्यालयाच्या परीक्षेला उपयोगी पडतील. गोष्टी काय, मोबाइलवर असतातच. मला पटत नाही, पण त्यांच्यापुढे मांडायला मुद्दाही नाही. काय घेऊ? आणि दुकानात उभ्या उभ्या पुस्तक बरं की वाईट हे कसं ओळखायचं?

जुना ग्रंथपाल

ताई, मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागातून निवृत्त झालो. आधी हेडसरांचं बघू. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत सामान्यज्ञान नाहीच. 80 प्रश्न असतात: 40 बुद्धिमत्तेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे. भाषेचे वीसही प्रश्न चार उताऱ्यांवर. म्हणजे कधी न पाहिलेला मजकूर न अडखळता वाचायचा आणि समजून घ्यायचा. ती सवय प्रश्नोत्तरं पाठ करून लागत नाही, 'पुढे काय झालं' म्हणून पानं उलटणाऱ्याला लागते. हे त्यांना सांगा, बहुतेक ऐकतील.

आता माहितीची पुस्तकं. ती शिळी होतात आणि दुकानदार शिळीच आधी पुढे करतो. मी आधी ग्रहमालेचं पान उघडायचो. प्लूटो नववा ग्रह असेल तर पुस्तक खाली, कारण 2006 पासून ग्रह आठच. मग महाराष्ट्राचे जिल्हे: पालघर 2014 साली झाला, तेव्हापासून 36. प्राण्यांच्या पुस्तकात चित्ता शोधा. 1952 मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, पण सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले. 'भारतात आता चित्ता नाही' एवढंच वाचलंत तर समजा, मजकूर जुना आहे आणि वर कव्हर तेवढं नवं घातलंय. मागे शब्दसूची, म्हणजे कोणता विषय कोणत्या पानावर ते सांगणारी यादी, आहे का तेही बघा. मराठीत ती क्वचितच सापडते. ज्याने ती करायचे कष्ट घेतले, त्याने बाकीचंही नीट केलेलं असतं असा माझा अनुभव.

गोष्टीचं पुस्तक शिळं होत नाही, त्याची परीक्षा निराळी. मधलंच एक पान काढा आणि दुकानात हलक्या आवाजात वाचा. माणसं बोलतायत की लेखक त्यांच्या तोंडून सुविचार वदवतोय, ते अर्ध्या पानात कळतं. तुमची सहावीतली मुलगी ज्याच्यामागे लागलीय तो फुरसुंगीचा बन्या भा. रा. भागवतांनी आणला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण त्याची सायकल अजून पळते, कारण तो उपदेश करायला थांबत नाही. वीस पुस्तकं आहेत. सगळा संच नको, सहा-सात घ्या. मालिकेचा फायदा असा की एक आवडलं की पुढचं मूल स्वतः मागतं. प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याच कारणासाठी घ्या. पाचवीच्या कच्च्या वाचकांना माधुरी पुरंदरे द्या. चित्रं त्यांचीच असतात आणि घरातली माणसं खऱ्या घरातल्यासारखी बोलतात.

एक सावधगिरी. मुलाविषयीचं पुस्तक म्हणजे मुलांचं पुस्तक नव्हे. प्रकाश नारायण संतांचा लंपन माझा फार लाडका, पण पाचवीच्या हाती 'वनवास' दिलंत तर परत येईल. तुम्ही वाचून दाखवलंत तर गोष्ट वेगळी. 'तोत्तोचान', म्हणजे जपानमधल्या एका मोकळ्या शाळेची आठवण, मुलांआधी हेडसरांना द्या.

आणि शंभर पुस्तकं एकेक प्रत घेऊ नका. चाळीसच घ्या, त्यातली आठ-दहा तीन-तीन प्रतींत. दोघांनी एकाच आठवड्यात तेच वाचलं की वाद होतो, आणि वाद झाला की तिसरा वाचायला मागतो.

नांगर_आणि_नट

काकांचं बाकी मान्य, पण गोष्टींची बाजू जरा जास्तच घेतली. माझा सातवीतला पोरगा गोष्टीचं पुस्तक उघडत नाही. ट्रॅक्टरसोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र त्याने तीनदा वाचली, ऑइल कधी बदलायचं ते मला सांगतो. अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती वाचत नाहीत असा शिक्का त्यांच्यावर बसतो. अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीपासून वस्तू करायची पुस्तकं बघा. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट आहेत. वाचलं नाही तर वस्तू होत नाही, त्यामुळे ओळ न् ओळ वाचावी लागते.

जुना ग्रंथपाल

बरोबर बोललात. अशा मुलांना मी पुढे 'एक होता कार्व्हर' द्यायचो. गुलामगिरीत जन्मलेला पोरगा आणि शेंगदाण्यातून काय काय काढणारा शास्त्रज्ञ. खरी माणसं, खरी माती, आणि वाचायला कादंबरीसारखं. पाचवीला जड जातं, सातवीला चालतं.

डोंगरशाळा

दोघांचेही आभार. नवोदयचा मुद्दा आजच हेडसरांना दाखवते. एक विचारायचं राहिलं: दहा हजारांत हे सगळं बसेल का? आणि पुस्तकं फाटली तर आमच्याकडून वसुली होईल या भीतीने कपाटाला कुलूप असतं, त्याचं काय करू?

जुना ग्रंथपाल

बसेल, फुकटचं आधी घेतलंत तर. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर आहेत. निवडक गोष्टी छापून घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, तुमच्या मुलांना तिसरी-चौथी पातळी बघा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त असतात.

कुलपाचं असं करा: देणगीची पुस्तकं जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवायच्या आधी हेडसरांना विचारून वेगळी वही घाला, आणि 'वापरात फाटली' असा रकाना पहिल्याच दिवशी आखून त्यांची सही घ्या. वही सातवीतल्या दोघांकडे द्या. दुकानात संस्था म्हणून सवलत मागा, बिल शाळेच्या नावाने घ्या. यादी झाली की इथे टाका, दुकानात जायच्या आधी एकदा नजर टाकतो.