हळदीत ३६९चा पीक दिसतच नाहीये, मदत हवी आहे (तातडीची)

मीठमसाला: तीन दिवस डोकं फुटायची वेळ आलीये. हळदीचा अर्क काढला, प्लेटवर ठिपके दिले, माल्डी-टॉफवर (लेझर मारून रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) चढवलं, कर्क्युमिनचा (हळदीतलं पिवळं द्रव्य) ३६९ वस्तुमानाला यायला हवा तर तिथे नुसती खरखर, आणि १९०, २१२, ३७९ मात्र हे एवढे उंच. ३७९ म्हणजे कर्क्युमिनलाच काही चिकटलंय का? उद्या मशीन एकच तास मिळणारे, प्लीज कोणीतरी सांगा.

नळीवाला: मॅट्रिक्स (नमुन्यात मिसळायचं, लेझर शोषणारं रसायन) कोणता? लेझर? आयन पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

जुना_विंचू: एवढ्या लहान रेणूला माल्डी कशाला? ते प्रोटीन-पॉलिमरवाल्यांचं काम. सरळ एलसी-एमएस करा, आधी घटक वेगळे करून मग वस्तुमान मोजतात ते.

मीठमसाला: तिथे दीड महिन्याची रांग आहे काका. मॅट्रिक्स नेहमीचाच, पॉझिटिव्ह.

नळीवाला: नेहमीचा म्हणजे?? प्रत्येकाचा नेहमीचा वेगळा असतो.

मीठमसाला: सीएचसीए हो. लेझर ३५५ नॅनोमीटर.

बांधावरून: ३६९ हे कुठलं नवीन वाण? आम्ही सेलम लावतो. पानांवर ठिपके असतील तर आधी करपा बघा, पीक हातचं जाईल.

नळीवाला: @बांधावरून 😂 दादा, तो पीक वेगळा, आलेखातला सुळका.
@मीठमसाला, सीएचसीएचं वस्तुमानच १८९. प्रोटॉन लागला की १९०, सोडियम लागला की २१२, दोन रेणू आणि एक प्रोटॉन मिळून ३७९. तीन दिवस तुम्ही मॅट्रिक्सच बघत बसलाय. नुसत्या मॅट्रिक्सचा ठिपका दिला नव्हता?

मीठमसाला: नाही 🙈 मग डीएचबी मॅट्रिक्स घेऊ?

नळीवाला: त्याचेही १३७, १५५, १७७ येतातच. मॅट्रिक्स टाकूच नका. कर्क्युमिन स्वतःच यूव्ही शोषतं, अर्काचा पातळ ठिपका द्या आणि लेझर अगदी कमीपासून चढवत न्या.

जुना_विंचू: मॅट्रिक्सशिवाय कर्क्युमिनचे तुकडे होतील, १७७चा तुकडा घेऊन बसाल.

नळीवाला: होऊ देत की थोडे, ३६९ तर दिसेल.

जुना_विंचू: बघा बुवा. अवांतर: जपानच्या कोइची तानाकांनी लेझरने मोठे रेणू मोजताना कोबाल्टच्या भुकटीत अ‍ॅसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं, महागाची भुकटी म्हणून फेकलं नाही, आणि त्यातूनच २००२चं नोबेल. आमच्या चुकांवर नुसती बोलणी बसली.

मीठमसाला: दिसला!!! ३६९, शेजारी ३३९ आणि ३०९ पण, म्हणजे तिन्ही कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं). १७७ पण आहे, काका बरोबर होते. पण हा ४०७ कोण?

नळीवाला: कर्क्युमिन अधिक पोटॅशियम. हळदीत ते असायचंच.

बांधावरून: पोटॅश आम्ही लागवडीलाच देतो.