पॉल मॉर्फी आणि १८५८ ची वर्तमानपत्रे: मुलांना नेमके काय सांगावे?

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी दुपारी जिल्हा परिषद शाळेची पंधरा-वीस मुले बुद्धिबळ खेळायला येतात. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पट कमी पडू लागले आहेत. त्या विजयाची कात्रणे मी एका वहीत चिकटवून ठेवली होती. ती वही चाळून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, यात डाव कुठे आहे?" मी पुन्हा पहिल्या पानापासून पाहिले. फोटो होते, नागपुरात झालेले स्वागत होते, अभिनंदनाचे संदेश होते. परंतु आमच्या वहीतल्या एकाही कात्रणात एकही चाल छापलेली नव्हती.

त्यावरून मला एकोणिसाव्या शतकातील वर्तमानपत्रांविषयी मुलांना सांगावेसे वाटले, कारण त्या काळी पत्रांतून अख्खे डाव छापले जात असे मी ऐकून आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरातला पॉल मॉर्फी निवडला आहे. त्याचा जन्म १८३७ चा. एकविसाव्या वर्षी तो युरोपात गेला आणि गाठ पडेल त्याला हरवून परतला. माझी अडचण अशी की, इंग्लंडचा नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याच्याशी त्याचा सामना का झाला नाही, याच्या दोन अगदी उलट हकिगती वाचायला मिळतात. एकीत स्टॉन्टनने सामना टाळला, तर दुसरीत मॉर्फीकडे पैजेचे पैसेच नव्हते. दोन्हींचा उगम त्या वेळच्या वर्तमानपत्रांतच आहे. मग मुलांपुढे कोणती ठेवावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बुद्धिबळ प्रशिक्षक, वाशीम

ताई, प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर देताना आधी एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसवावी लागेल, ती म्हणजे त्या काळी बुद्धिबळाची बातमी लिहिणारा माणूस बहुधा स्वतःच खेळाडू असे आणि पुष्कळदा त्याच बातमीतला एक पक्षही असे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकातील बुद्धिबळाचे सदर १८४५ पासून स्वतः स्टॉन्टन लिहीत होता आणि १८७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच्याच हाती राहिले. 'बेल्स लाइफ' या खेळांच्या पत्रातले सदर जॉर्ज वॉकर याचे. त्याचे आणि स्टॉन्टनचे फारसे सख्य नव्हते. 'द एरा'चे सदर लोवेन्थाल लिहीत असे, आणि १८५८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मॉर्फीने लंडनमध्ये ज्याला नऊ डाव जिंकून, तीन हरून आणि दोन बरोबरीत सोडवून नमवले, तो हाच लोवेन्थाल. पुढे १८६० मध्ये त्यानेच मॉर्फीच्या डावांचा संग्रह टीपांसह प्रसिद्ध केला. ज्याच्याकडून हरलो त्याचेच डाव इतक्या मनापासून उलगडून दाखवणाऱ्या या माणसाविषयी मला फार आदर आहे, आणि मुलांना त्याच्याविषयी अवश्य सांगा.

आता स्टॉन्टनकडे वळतो. न्यू ऑर्लिन्सच्या बुद्धिबळ मंडळाने १८५८ च्या प्रारंभी त्याला तिकडे येऊन खेळण्याचे आव्हान दिले होते व प्रत्येक बाजूने ५,००० डॉलरची पैज ठेवली होती. स्टॉन्टनने एप्रिलमध्ये आपल्याच सदरातून उत्तर दिले की इतका लांबचा प्रवास आपल्याला शक्य नाही, मात्र मॉर्फी युरोपात आला तर त्याची कसोटी पाहायला इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि रशियात पुष्कळ खेळाडू तयार सापडतील. हे वाचून मॉर्फी जूनमध्ये जहाजाने इंग्लंडला पोहोचला. स्टॉन्टनने नकार दिला नाही, पण तारीखही दिली नाही. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मॉर्फी आणि दोघांबरोबर एकेक जोडीदार, असे जोडीदाराशी सल्ला करून खेळायचे दोन डाव तेवढे झाले आणि ते दोन्ही मॉर्फीच्या बाजूने जिंकले.

त्यानंतर २८ ऑगस्टच्या अंकात जे छापून आले, ते तुमच्या मुलांना जवळून दाखवण्यासारखे आहे. सदराच्या शेवटी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याची पद्धत होती; मूळ पत्र छापत नसत, वाचकाने घेतलेले टोपणनाव आणि संपादकाचे उत्तर एवढेच छापत. 'अँटी-बुक' अशा टोपणनावाच्या वाचकाला उत्तर देताना सदरात लिहिले गेले की, महत्त्वाच्या सामन्यापूर्वी दोन्ही पक्षांनी आपले प्रतिनिधी आणि पैजेची रक्कम सिद्ध ठेवावी असा इथला रिवाज आहे आणि मॉर्फी या दोन्हींशिवायच आलेला आहे. हा मजकूर स्टॉन्टनच्या सदरातला आणि विषय स्टॉन्टनच्याच सामन्याचा! तुमच्या दुसऱ्या हकिगतीचा उगम तो हाच. या वाचकाचे पत्र खरोखर आले होते की उत्तर देण्याच्या निमित्ताने ते रचले गेले, असा संशय तेव्हापासून घेतला जातो.

मॉर्फीने ६ ऑक्टोबरला पॅरिसहून स्टॉन्टनला उघड पत्र लिहिले आणि त्याच्या प्रती लंडनच्या अनेक पत्रांच्या संपादकांकडे पाठवल्या. आपण पैशासाठी खेळणारे व्यावसायिक खेळाडू नाही, हे त्याने त्यात ठासून सांगितले आणि सामन्याचा दिवस ठरवण्याची विनंती केली. स्टॉन्टनने २३ ऑक्टोबरच्या अंकात आपले उत्तर पूर्ण छापले, परंतु मॉर्फीच्या पत्रातला 'अँटी-बुक'च्या मजकुराविषयीचा भाग गाळला. इतर वर्तमानपत्रांत मॉर्फीचे संपूर्ण पत्र आलेले असल्यामुळे ही काटछाट लोकांच्या लक्षात आली. एकाच घटनेविषयीची दोन वर्तमानपत्रे शेजारी ठेवून का वाचावीत, हे मुलांना समजावण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा माझ्या माहितीत नाही.

सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मूर्तिजापूर तालुका

प्रशिक्षक सरांनी दिलेला तपशील योग्य आहे. तरीही मुलांसमोर स्टॉन्टनला खलनायक म्हणून उभे करू नये, अशी माझी ग्रंथपाल ताईंना कळकळीची विनंती आहे. तो तेव्हा ४८ वर्षांचा होता. शेक्सपिअरच्या नाटकांची संपादित आवृत्ती तो भागाभागाने प्रसिद्ध करत होता आणि प्रत्येक भाग ठरल्या वेळी प्रकाशकाच्या हाती देण्यास तो करारानेच बांधलेला होता. हे कारण त्याने मागाहून शोधलेले नव्हते, ते काम १८५७ पासून चालू होते. ऑगस्टच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या स्पर्धेत तो उतरला आणि दुसऱ्या फेरीत लोवेन्थालकडून हरला, यावरून त्याचा सराव किती उरला होता हेही दिसते. पूर्वीचा आपला खेळ आता राहिला नाही, हे जाहीरपणे मान्य करणे कोणत्याही मोठ्या खेळाडूला जड जाते. मात्र तसे सांगायचे सोडून त्याने समोरच्याच्या पैशाकडे बोट दाखवले, ही त्याची चूक मी मुळीच झाकणार नाही. ब्रिटिश बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष लॉर्ड लिटल्टन यांच्याकडे मॉर्फीने दाद मागितली, तेव्हा त्यांनी नोव्हेंबरमध्ये दिलेले उत्तर मला सर्वांत न्याय्य वाटते. सामना नाकारण्याचा स्टॉन्टनला अधिकार होता, पण ते त्याने आधीच आणि स्पष्ट सांगायला हवे होते, असा त्या उत्तराचा आशय आहे.

दुसरे असे की, मॉर्फीच्या बाजूनेही एक पत्रकार होताच. फ्रेडरिक एज हा न्यूयॉर्कच्या 'हेरल्ड'मध्ये काम केलेला मनुष्य युरोपात त्याचा चिटणीस म्हणून वावरत होता, आणि १८५९ मध्ये त्याने या दौऱ्यावर पुस्तकही लिहिले. स्टॉन्टनच्या विरोधातले जे अनेक किस्से आज आपण वाचतो, त्यांचे मूळ एजच्या लेखणीत आहे. त्यामुळे तुमची पहिली हकिगत वाचतानाही, ती कोणी सांगितली, हे विचारावेच लागते.

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

दोघांचेही मनापासून आभार. सर, तुमची सूचना मला पटली. मी दोन्ही मजकूर मराठीत मांडून, लिहिणाऱ्याच्या नावासह फळ्यावर शेजारी शेजारी लावणार आहे. आणखी एक शंका आहे. इतकी प्रसिद्धी मिळालेल्या या खेळाडूचे नाव पुढे वर्तमानपत्रांतून एकाएकी नाहीसे का झाले? आणि जुन्या पत्रांत डाव ज्या पद्धतीने छापत ती मुलांना वाचता येईल का?

कापूस व्यापारी, हिंगणघाट

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर काही अंशी आपल्या कपाशीच्या वावरात आहे, म्हणून मी लिहीत आहे. १८५९ च्या मे महिन्यात मॉर्फी परत आला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याला सोन्याचांदीचे मोहरे असलेला पट भेट मिळाला. बोस्टनच्या मेजवानीला लाँगफेलो आणि ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्यासारखे साहित्यिक उपस्थित होते, आणि त्या भाषणांचे वृत्तांत पत्रांनी छापले. 'न्यूयॉर्क लेजर'ने वर्षभराच्या सदरासाठी त्याला ३,००० डॉलर देऊ केले. ते सदर त्याने १८५९ ते १८६० असे वर्षभर चालवले आणि नंतर सोडले. त्याच्या वकिलीला मात्र बरकत आली नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, न्यू ऑर्लिन्स हे कापसाचे मोठे बंदर होते, त्याची नाकेबंदी झाली आणि १८६२ च्या एप्रिलमध्ये ते उत्तरेकडच्या सैन्याच्या ताब्यात गेले. त्या शहराच्या बातमीत आता बुद्धिबळाला जागा उरली नव्हती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मॉर्फी क्युबामार्गे पॅरिसला निघून गेला.

तिकडचा कापूस अडला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे आणि आमच्या हिंगणघाटाकडे वळली, भाव कधी नव्हे इतके चढले, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि १८७० मध्ये खामगावचा कापूसबाजार व रेल्वेची शाखा लॉर्ड मेयोंच्या हस्ते सुरू झाली. ज्या लढाईने मॉर्फीच्या गावचा व्यापार उद्ध्वस्त केला, तिनेच आपल्याकडच्या बाजारपेठा उभ्या केल्या. आमच्या घरी वाडवडिलांपासून याच मालाचा व्यवहार आहे, त्यामुळे मॉर्फीची कथा वाचताना हा भाग मला नेहमी थांबवून ठेवतो. १८८४ च्या जुलैमध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी तो न्यू ऑर्लिन्समध्येच वारला.

बुद्धिबळ प्रशिक्षक, वाशीम

दुसऱ्या शंकेविषयी. मुलांना निश्चित वाचता येईल, फक्त एक मेख आहे. आज आपण प्रत्येक घराला एकच नाव देतो, मग खेळणारा पांढरा असो वा काळा. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत उभ्या ओळीला आरंभी तिथे उभ्या असलेल्या मोहऱ्याचे नाव असे आणि आडव्या ओळी ज्याने त्याने आपापल्या बाजूने मोजायच्या असत. मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळलेला १७ चालींचा डाव घ्या. त्यात काळ्याची तिसरी चाल 'उंट राजाच्या घोड्याच्या पाचव्या घरात' अशी लिहिली जाई आणि पांढऱ्याची नववी चालही अक्षरशः तशीच. प्रत्यक्षात ही दोन वेगवेगळी घरे आहेत; आजच्या भाषेत पहिले 'जी ४' आणि दुसरे 'जी ५'. मुले नेमकी इथेच अडखळतील, त्यांना अडखळू द्या आणि पट फिरवून काळ्याच्या बाजूला बसवा, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल.

शेवटच्या दोन चाली मात्र जुन्या पद्धतीतच वाचून दाखवा. सोळाव्या चालीला 'वजीर वजिराच्या घोड्याच्या आठव्या घरात, शह', त्यावर काळ्याचा घोडा वजीर मारतो, आणि मग 'हत्ती वजिराच्या आठव्या घरात, मात'. अटलांटिक समुद्राखालची पहिली तार ऑगस्ट १८५८ मध्ये सुरू होऊन तीन आठवड्यांतच निकामी झाली होती, त्यामुळे पॅरिसमधले त्याचे डाव जहाजाच्या टपालाने दहा-बारा दिवसांनी न्यूयॉर्कला पोहोचत आणि तिथली माणसे ते पट मांडून, अशाच ओळी वाचत खेळून बघत.

ग्रंथपाल, दर्यापूर तालुका

कालचा शनिवार झाला. मुले तिसऱ्या चालीपाशी नव्हे, तर नवव्या चालीपाशी अडली, कारण तोपर्यंत सर्वांनी पाचवे घर काळ्याच्या बाजूनेच मोजून पाठ केले होते. पट फिरवल्यावर डाव पुढे सरकला. वजीर दिल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही, एका मुलाने तर वजीर परत उचलून जागेवर ठेवला आणि चाल चुकीची छापली असेल असे सांगितले. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने सतराही चाली आजच्या पद्धतीत उतरवून कात्रणांच्या वहीतल्या कोऱ्या पानावर लिहिल्या आहेत. आता तिला बातुमीच्या अंतिम सामन्यातले डाव हवे आहेत. ते चालींसह मराठीत कोणी लिहून ठेवले असतील, तर कृपया इथे कळवावे. नसतील तर आम्हीच पुढच्या शनिवारी उतरवायला बसतो.